शेवटच्या दिवसाचं पुस्तक

लोर्ना केसलरनं वाचनशिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गाला नाव घातलं ते ज्ञान मिळवायला नव्हे. पंधरा वर्षं दुसरीच्या वर्गात फळ्यापुढे उभं राहून जेवढं मिळायचं तेवढं ज्ञान तिला मिळून चुकलं होतं. ती गेली होती डॉ. कॉर्नेलिया ॲशबीचं उट्टं काढायला. अर्जात ‘हा अभ्यासक्रम का निवडलात?’ असा रकाना होता. तिथे तिनं ‘मुलांवर प्रेम आहे म्हणून’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण त्या रकान्यात मावलं नसतं.

कारणाचं नाव वेंडेल. लोर्नाचा पाच वर्षांनी धाकटा भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी कोल्डर क्रीकच्या शाळेत तो पहिलीत होता आणि त्याच्या वर्गाला मिस ॲशबी होत्या. तेव्हा त्या डॉक्टर झालेल्या नव्हत्या. गळ्याला रेशमी रुमाल बांधणाऱ्या, पोरांना पोटाशी धरणाऱ्या, सगळ्या गावाच्या लाडक्या बाई. अक्षरं घोटून घेणं त्यांना रानटीपणाचं वाटायचं. मूल पुस्तकात रमलं की वाचन आपोआप येतं, अडलं तर चित्र बघायचं, गोष्टीत काय बसेल त्याचा अंदाज करायचा आणि पुढे जायचं, ही त्यांची पद्धत. ज्या पोरांना कसंही शिकवलं तरी वाचता येतं, त्यांना आलं. वेंडेलला आलं नाही. मग बाईंनी त्याच्या आईला पत्र धाडलं. घरात वाचनाचं वातावरण नाही, पालकांनी वेळीच लक्ष घातलं असतं तर ही वेळ आली नसती, असं त्यात होतं.

आई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पत्र तिनं दोनदा वाचलं आणि कोणाला काही न बोलता पावाच्या डब्याखाली सारून ठेवलं. त्या दिवसापासून चारशे पोरांचं जेवण रांधून आलेली ती बाई घरची जेवणं उरकली की वेंडेलला मांडीशी घेऊन बसायची. हाताला कांद्याचा वास तसाच असायचा. ग्रंथालयातली अकरा पुस्तकं तिनं इतक्या वेळा वाचून दाखवली की पोराला ती तोंडपाठ झाली. पानं उलटत तो घडाघडा म्हणून दाखवायचा. आईला वाटलं, आलं बाई एकदाचं. तिनं बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, केल्या, ताटलीवर फडकं झाकलं आणि लोर्नाला बरोबर घेऊन मिस ॲशबींचे आभार मानायला गेली. बाईंनी ताटली हातात घेतली आणि म्हणाल्या, “बघा, तुम्ही मनावर घेतल्यावर कसं झालं.” लोर्ना बारा वर्षांची होती. ते वाक्य तिच्या डोक्यातून पुन्हा कधी निघालं नाही.

तिसरीत नवं पुस्तक पुढ्यात आलं आणि बिंग फुटलं. तोवर मिस ॲशबी डॉक्टर व्हायला निघून गेल्या होत्या. वेंडेल आज अडतीस वर्षांचा आहे, ट्रक धुतो, आणि त्याला वाचता येत नाही. आई अडीच वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात ती लोर्नाला म्हणाली, “मी आणखी थोडं वाचायला हवं होतं गं त्याच्यापाशी. कंटाळा केला मी.” ज्या बाईनं आयुष्यात भाजी निवडतानासुद्धा कंटाळा केला नाही, ती हे बोलून मेली. पुढच्याच महिन्यात लोर्नानं ॲशबीबाई शिकवत त्या टेकडीवरच्या कॉलेजात अर्ज भरला.

दोन वर्षं ती संध्याकाळच्या वर्गांना पहिल्या बाकावर बसली. ॲशबीबाई आता अडुसष्टच्या होत्या. रुमाल अजून होता, आवाजातला मधही होता. अर्ध्या पेनसिल्व्हेनियातल्या पहिली-दुसरीच्या मास्तरणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. लोर्ना मुकाट्यानं टिपणं घ्यायची, वादाच्या जागी मान डोलवायची, निबंधांत त्यांना हवं तेच लिहायची. सासुरवाशीण नुसती. बाई तिच्यावर खूश होत्या. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, “लोर्नाकडे बघितलं की मला माझीच आठवण होते.” लोर्ना हसली, आणि घरी येऊन तिनं अर्धा तास थंड पाण्याखाली हात धरले.

पदवीचा शेवटचा टप्पा म्हणजे उन्हाळ्यातलं क्लिनिक. सहा आठवडे, रोज सकाळी. गावातली वाचन न येणारी मुलं यायची, एकेका विद्यार्थिनीला एकेक मूल. छोट्या खोलीत मूल आणि शिकवणारी समोरासमोर, आणि एका भिंतीला काच. काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून बाईंना सगळं दिसायचं, ऐकू यायचं. अलीकडच्यांना काचेत फक्त स्वतःचं तोंड दिसायचं. बाईंचे दोन नियम होते. पहिला, मूल वाचत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. दुसरा, समोर कागद ठेवून मूल जो शब्द बरोबर वाचेल त्याच्यापुढे बरोबरची खूण करत जायचं. एकही खूण चुकवायची नाही.

आणि शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. त्या दिवशी बाई स्वतः एका मुलासमोर बसायच्या. काचेपलीकडे चाळीसएक माणसं, शाळांच्या मुख्याध्यापिका, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, जुन्या विद्यार्थिनी. पुस्तक कोरं, म्हणजे कोणी कधी न वाचलेलं, लागायचं. त्या मुलाला शिकवणाऱ्या विद्यार्थिनीनं स्वतः लिहून, चित्रं काढून, पिना मारून ते पाकिटात बंद करायचं आणि पाकीट सगळ्यांदेखत फुटायचं. मुलानं पुस्तक पाठ केलंय असं कोणी म्हणायला नको, म्हणून बाईसुद्धा ते आधी बघत नसत. हा त्यांचा मोठा अभिमान. पाकीट फोडून त्या मुलाबरोबर चित्रांवरून एक फेरी मारायच्या, चित्रफेरी म्हणायच्या तिला. हे काय, ते कोण, पुढे काय होणार बरं. फेरीत गोष्ट सगळी सांगून व्हायची, मग मूल पहिल्या पानापासून ‘वाचायचं’, आणि लोक डोळे पुसत टाळ्या वाजवायचे. पंचवीस वर्षं हे चाललं होतं. गोष्ट आधीच कानात ओतली की कोरं पुस्तक कोरं कुठे राहिलं, हे त्या चाळीस शहाण्यांपैकी एकाला सुचलं नव्हतं. लोर्नाला सुचलं, कारण तिच्या घरात पाठ म्हणणारा वाढला होता.

यंदाचं प्रात्यक्षिक बाईंचं शेवटचं. त्या निवृत्त होणार होत्या आणि क्लिनिकला त्यांचं नाव लागणार होतं. पितळी पाटी आलीसुद्धा होती.

लोर्नाच्या वाट्याला डेलिया आली. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, आजीच्या लाँड्रीत वाढलेली. पहिल्या दिवशी लोर्नानं तिच्यापुढे पुस्तक ठेवलं. डेलियानं ते डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, “मिस लोर्ना, चित्र बारीक आहे. वाचता येत नाही.”

“मग शब्द बघ.”

“शब्द कशाला? त्यात काय असतं?”

इथे दोन वर्षं पहिलीत बसलेलं, हुशार, चुरूचुरू बोलणारं पोर, आणि शब्दात काय असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. काचेपलीकडून बाई बघत होत्या, म्हणून ती गोड हसून म्हणाली, “बरं, अंदाज कर.”

पण दुपारी एक वाजता ती लाँड्रीत हजर झाली. आजीचं नाव बर्निस. बर्निस चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाली, “सकाळी कॉलेजात शिकवता ते पुरत नाही वाटतं?”

“नाही पुरत.”

“मला वाटलंच. कॉलेज आहे ना ते. बसा त्या सुकवायच्या यंत्रावर, गरम असतं, पोरगी तिथे हलत नाही.”

सकाळी काचेसमोर अंदाज आणि दुपारी यंत्रावर बसून अक्षर, आवाज, अक्षर, आवाज. असे पाच आठवडे गेले. डेलियाला पहिले आठ दिवस ते अजिबात आवडलं नाही. “मला येतंय की असंच, हे कशाला?” म्हणून ती भांडायची. चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती साबणाच्या खोक्याकडे बघत गप्प बसली, ओठ हलवले, आणि खोक्यावरचं एक वाक्य आवाज जोडत जोडत पूर्ण वाचलं. मग आजीकडे वळून म्हणाली, “हे इथे कायमच लिहिलेलं होतं?” बर्निसनं घडी खाली ठेवली. त्या दिवशी लोर्नाला ॲशबीबाईंची आठवणही झाली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र झाली, आणि ती सरळ बाईंच्या खोलीत गेली. “यंदा प्रात्यक्षिकाला डेलियाला घ्याल का? तिचे अंदाज फार छान झालेत.” बाई म्हणाल्या, “मी तेच म्हणणार होते.”

पुस्तक लिहायला तिला एक संध्याकाळ पुरली. चित्रं गोड काढली. एक मुलगा, एक आई, पुस्तक, ताटली, रुमाल बांधलेल्या बाई. खाली मजकूर मात्र तिच्या मनातला, पहिलीच्या पोराला जोडून वाचता येईल इतका सोपा. एक शब्द असा नव्हता की ज्याचे आवाज डेलियाला येत नव्हते. चित्रफेरी करताना बाई मजकुराकडे बघत नाहीत हे तिनं दोन उन्हाळे बघून ठेवलं होतं. वाचन शिकवणारी बाई स्वतः वाचत नसे. पाकीट बंद करताना लोर्नाचा हात एकदा थांबला. डेलिया घाबरली आणि बाईंनी सांगितलेली गोष्टच पोपटासारखी म्हणाली, तर टाळ्या पडतील, पितळी पाटी लागेल, आणि आई जन्मभर ज्या दोषाखाली वाकली तो दोष तिचाच राहील. पुस्तक मागाहून कोणीतरी वाचणारच, म्हणजे पदवी तर दोन्हीकडून जाणार होती. तिनं डिंक लावला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी काचेपलीकडे उभं राहायला जागा नव्हती. रिवाजाप्रमाणे लोर्ना मागच्या रांगेत, तिच्याशेजारी इस्त्रीचा झगा घालून बर्निस. समोरच्या उजळ खोलीत बाई आणि डेलिया. बाईंनी पाकीट फोडलं, पुस्तक उचलून काचेला दाखवलं आणि फेरी सुरू केली.

“हा कोण गं? छोटा मुलगा. आणि ही त्याची आई, हो ना? आई त्याला गोष्ट वाचून दाखवतेय. किती छान. आणि ह्या त्याच्या बाई. बाई त्याला मदत करतायत. आणि इथे बघ, आईनं बाईंसाठी खाऊ आणलाय. का बरं आणला असेल?”

“वाचता यायला लागलं म्हणून,” डेलिया म्हणाली.

“अगदी बरोबर.” बाईंनी पेन्सिल घेतली, कागद पुढे ओढला. “आता तू वाच.”

डेलियानं पहिलं पान उघडलं. चित्राकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि लोर्नाला स्पष्ट दिसलं की पोरगी आता ‘छोटा मुलगा’ म्हणणार. मग डेलियानं तोंड मिटलं आणि शब्दाखाली बोट ठेवलं.

“हा... वेंडेल. वेंडेल सात वर्षांचा आहे.”

बाईंची पेन्सिल क्षणभर थांबली. मुलगा होता, नाव असणारच. त्यांनी खुणा केल्या.

“वेंडेलला वाचता येत नाही.” डेलियाचा आवाज बारीक पण सरळ होता. “त्याच्या बाई त्याला अक्षरं शिकवत नाहीत. बाई म्हणतात, चित्र बघ. अंदाज कर.”

अंधाऱ्या खोलीत कोणीतरी खुर्चीत सरकलं. बाईंनी पुस्तकात डोकावून बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग काचेकडे मान वळवली. काचेत त्यांना त्या स्वतःच दिसल्या असणार.

“वेंडेल अंदाज करतो. रोज करतो. बाईंनी त्याच्या आईला पत्र लिहिलं.” डेलियानं पान उलटलं. “घरात कोणी वाचत नाही. दोष तुमचा आहे.”

बाईंना पुस्तक मिटता आलं असतं. पोरीला थांबवता आलं असतं. पण पंचवीस वर्षं काचेपलीकडून ज्यांना ‘मध्ये तोंड घालू नका’ म्हणून झापलं होतं, त्यातल्या निम्म्याशिम्म्या बायका तिथे बसून बघत होत्या. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि खुणा करत राहिल्या. दोष, खूण. तुमचा, खूण. लोर्नाला त्या पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता आणि तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच भीती वाटली.

“आई रडली. पण आई रोज वाचायची. रोज, रोज, रोज. आईचा दोष नव्हता.” शेवटचं पान. इथे डेलिया जरा अडली. ते नाव तिनं बाईंच्या खोलीच्या दारावर पाहिलं होतं, तरीही तिनं ते आवाज जोडूनच वाचलं. “बाईंचं नाव... मिस... ॲशबी.”

बाईंनी शेवटची खूण केली. रिवाज असा की वाचून झालं की मुलानं प्रश्न विचारायचा. डेलियानं रिवाज पाळला.

“ह्या ॲशबी म्हणजे तुम्हीच का?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“मग तुम्ही सॉरी म्हणालात?”

“नाही.”

“का?”

बाईंनी कागदावरच्या खुणा मोजल्या, उभ्या राहिल्या आणि काचेकडे बघून नेहमीच्या आवाजात सांगितलं, “डेलियानं एकूण एक शब्द बरोबर वाचला आहे.” त्या अंधारात टाळी वाजवावी की नाही हे कोणालाच कळेना. मग एकटी बर्निस टाळ्या वाजवायला लागली. तिला ॲशबीशी काही देणंघेणं नव्हतं. तिची नात चाळीस माणसांपुढे वाचली होती.

तासाभरानं बाईंनी लोर्नाला खोलीत बोलावलं. लोर्ना एकतीस वर्षं घोकलेलं सगळं तोंडात घेऊन गेली. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. रुमाल काढून टेबलावर ठेवला होता, आणि त्याशिवाय त्यांची मान फार म्हातारी दिसत होती.

“कोणता वेंडेल?” त्यांनी विचारलं.

लोर्नाला वाटलं, नाटक करतेय. “वेंडेल हॅव्रिला. कोल्डर क्रीक. माझा भाऊ. हॅव्रिला माझं माहेरचं नाव. माझी आई तुम्हाला पिरोगी घेऊन आली होती.”

“लोर्ना, मला तो आठवत नाही. मी खोटं बोलत नाही. तशी पत्रं मी दरवर्षी लिहायचे. तीन-चार घरांना. मला ते माझं कामच वाटायचं.”

हे लोर्नानं धरलंच नव्हतं. तिच्या मनातली प्रत्येक शिवी त्या बाईला सगळं आठवतं असं समजून रचलेली होती. तिच्या घराची राखरांगोळी झाली आणि करणारीच्या ती खिजगणतीतही नव्हती.

“तू पंधरा वर्षं दुसरीला शिकवतेस,” बाई म्हणाल्या. “माझ्याच विद्यार्थिनींनी तुला शिकवलं असेल. तू किती लिहिलीस अशी पत्रं?”

“तीन.” लोर्नानं नजर हलवली नाही. “तिन्ही नावं मला तोंडपाठ आहेत. मी त्या तिन्ही घरी जाऊन आले.”

बाईंनी लोर्नाचा क्लिनिकचा कागद पुढे घेतला आणि सही केली. “पोरगी वाचते. सही नाकारायला मला तोंड नाही. पण ती काय वाचतेय हे तू तिला सांगितलं होतंस?”

“नाही.”

“वाटलंच मला.” एवढं बोलून त्यांनी एक कोरा कागद घेतला. “तुझी आई आहे?”

“नाही.”

मग त्यांनी वेंडेलला पत्र लिहिलं. दहा मिनिटं लागली. लोर्ना समोर बसून राहिली. पत्र उघडंच तिच्या हातात देत बाई म्हणाल्या, “त्याला वाचून दाखव.”

“मी नाही दाखवणार. तो स्वतः वाचेल.”

“त्याला येत नाही म्हणालीस ना?”

“नाही येत. शिकेल तेव्हा वाचेल. माफी मिळाली की नाही ते तुम्हाला तेव्हा कळेल.”

“मी अडुसष्ट वर्षांची आहे गं.”

“माझी आई एकाहत्तराव्या वर्षी गेली. तिनं पण वाटच बघितली.” लोर्नानं पत्राची घडी घातली. हे तिला आयत्या वेळी सुचलं होतं, आणि पुस्तकापेक्षा हेच जास्त वर्मी बसलं हे तिला बाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. पत्र तिनं गाडीत बसून वाचलं, आणि मग बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

रविवारी दुपारी ती वेंडेलकडे गेली. तो स्टोव्हपाशी उभा राहून कांदा आणि सॉसेज परतत होता. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

“ये, लोर्ने. गावभर झालंय म्हणे तुझं पुस्तक.”

“कोणी सांगितलं?”

“सगळ्यांनीच. काल बिलीच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेलो तर त्याच्या बायकोनं मला मेनू वाचून दाखवला. हळू हळू. मोठ्यानं.” त्यानं कालथा आपटला. “माझ्या मालकाला ठाऊक नव्हतं. बरोबरच्या पोरांना ठाऊक नव्हतं. वीस वर्षं झाकून ठेवलं होतं मी. आईनं ते पत्र डब्याखाली का ठेवलं होतं, वाटतं तुला? चाळीस माणसांना तू सांगितलंस, वेंडेलला वाचता येत नाही. मला विचारलंस?”

दोन वर्षं लोर्नानं सगळ्याचा विचार केला होता, काचेचा, पाकिटाचा, डेलियाच्या आवाजाचा. वेंडेल हे नाव जिवंत माणसाचं आहे याचा तेवढा केला नव्हता.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “चुकलंच माझं.” आणि तिनं पत्र टेबलावर ठेवलं. “हे ॲशबीबाईंनी दिलंय. तुझ्यासाठी.”

“वाच.”

“मी नाही वाचणार. मी शिकवते, तू वाच.”

“म्हणजे तिच्यावर सूड घेऊन झाला, आता माझ्यावर काय?” तो हसला, पण राग गेला नव्हता. त्यानं हात पुसले, बसला, पत्र उघडलं. पहिला शब्द त्याचं नाव, ते त्याला ओळखू यायचं. दुसऱ्या शब्दाला तो अडला आणि त्यानं लोर्नाच्या तोंडाकडे बघितलं. तो जन्मभर असाच वाचत आला होता. बँकेत, दवाखान्यात, मालकासमोर, कागद हातात आणि डोळे समोरच्याच्या चेहऱ्यावर. लोर्नानं उठून तोंड खिडकीकडे फिरवलं.

खुर्ची करकरली. तिला वाटलं, चालला. पण वेंडेल टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि वाकून तिचा चेहरा बघू लागला. तिला डोळे लपवायला जागा नव्हती.

“माफी मागितलीय,” तो म्हणाला. मग आणखी जवळून बघत, “आणि आईबद्दल पण लिहिलंय. आईचा दोष नव्हता असं.”

लोर्नानं मान डोलवली.

“झालं तर. वाचलं मी. कळव तिला.”

“तू वाचलं नाहीस. अंदाज केलास.”

“बरोबर आला ना?”

“आला. तुझे सगळेच बरोबर यायचे, म्हणून तर कोणाला कळलं नाही.” तिनं बाहीनं तोंड पुसलं, स्टोव्ह बंद केला आणि त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. मग पत्रातल्या दुसऱ्या शब्दाखाली बोट ठेवलं.

“इकडे बघ,” ती म्हणाली. “माझ्याकडे नको.”